तीन दशांश कोणी खाल्ले?

मी एक जुने स्टॉपवॉच आहे आणि मित्रांनो, मी रागावलेले आहे. गोड गोष्ट ऐकायला बसला असाल तर आधीच सांगून ठेवते.

माझा जन्म कारखान्यातल्या एका लांबलचक बाकावर झाला. डोळ्याला भिंग लावलेल्या एका बाईने माझी स्प्रिंग बसवली, मला पुन्हा पुन्हा चालवून पाहिले आणि सेकंदाचा दहावा भागही चुकत नाही अशी खात्री झाल्यावरच झाकण लावले. किल्ली द्या, बटण दाबा, माझा काटा धावतो. पुन्हा दाबा, थांबतो. यापलीकडे मला काही येत नाही. थापा मारायला तर मुळीच येत नाही.

मला विकत घेतले ते मुलांना धावायला शिकवणाऱ्या एका बाईने. तिची भाचीही तिच्याकडेच शिकायची, म्हणून मीही तिला आत्याच म्हणते. वीस वर्षे मी आत्याच्या गळ्यात होते. पोरे धापा टाकत यायची आणि आधी माझ्याकडे बघायची, मग पाण्याच्या बाटलीकडे. काय माझा रुबाब होता!

वेळ घ्यायची आमची एक रीत होती. आत्या शेवटच्या रेषेवर उभी राही. शंभर मीटर पलीकडे मैदानाचे रखवालदारकाका शिट्टी वाजवत आणि त्याच क्षणी लाल रुमाल खाली आणत. रुमाल हलला की बटण दाबायचे, शिट्टीची वाट बघायची नाही. कारण आवाज रमतगमत येतो. शंभर मीटर यायला त्याला सेकंदाचे जवळजवळ तीन दशांश लागतात. हे आत्या पहिल्याच दिवशी शिकवी आणि चुकणाऱ्याला मैदानाला फेरी मारायला लावी.

भाचीला मोठ्या प्रशिक्षण केंद्रात जायचे होते. त्यासाठी निवड चाचणीत शंभर मीटर साडेबारा सेकंदांच्या आत धावायचे आणि तेही याच वर्षी, कारण पुढच्या वर्षी तिचे वय उलटणार होते. पण काही केल्या ती बारा पूर्णांक सात दशांशाच्या खाली येईना. एके दिवशी ती मैदानावरच बसून रडली. "आत्या, मी सोडते सगळं."

दुसऱ्या दिवशी रुमाल खाली आला आणि आत्याचा अंगठा हललाच नाही. तो शिट्टीसाठी थांबला. बारा पूर्णांक चार! पोरगी नाचायला लागली. मला तळपाय असते तर त्यांची आग मस्तकात गेली असती.

असे आठ महिने चालले. रखवालदारकाका लांब, त्यांना काय दिसणार? "धावण्याची मजा घे गं, मुक्काम येईल आपोआप," आत्या म्हणायची. भाचीने मजा घेतली. इतकी, की रेषेवरून झटकन सुटण्याचा कंटाळवाणा सराव तिने निम्मा केला. नेमकी तिथेच ती कमी पडत होती.

चाचणीत तिची वेळ आली बारा पूर्णांक सात.

त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात आत्या तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "अगं, पोचणं म्हणजे काही सगळं नसतं. इतकी वर्षं धावलीस, तो प्रवास महत्त्वाचा. आणि हे घड्याळही जुनं झालंय, तेच चुकलं असेल."

म्हणजे खापर माझ्या डोक्यावर! वीस वर्षांच्या चाकरीचे हे बक्षीस!

भाचीने मला मोबाइलशेजारी ठेवले, दोघांना एकदम चालू केले आणि दहा मिनिटांनी एकदम थांबवले. तसूभरही फरक नव्हता. मग तिने बारा सातातून बारा चार वजा केले, तीन दशांश उरले, आणि तिची नजर आत्याच्या अंगठ्याकडे गेली.

"शिट्टीवर दाबत होतीस?"

"तू सोडून देशील, अशी भीती वाटली गं."

"सोडायचं की नाही, ते मी ठरवलं असतं. मला खूश नव्हतं व्हायचं, आत्या. मला पोचायचं होतं. आठ महिने होते माझ्या हातात."

आत्या ओट्याकडे तोंड करून उभी राहिली. तिची मला दया आली नाही. आजही येत नाही.

आता मी रखवालदारकाकांच्या गळ्यात असते आणि रुमाल आत्याच्या हातात. केंद्राचे दार बंद झाले, तरी भाची रोज येते. पहिल्या दिवशी बारा पूर्णांक आठ आले. तिने आकडा नीट पाहिला, "पुन्हा," म्हणाली आणि चालत मागे गेली.

मित्रांनो, प्रवास मोठा की मुक्काम, यावर खुशाल वाद घाला. पण मुक्काम हुकल्यावरच ज्यांना प्रवास आठवतो, त्यांचे ऐकू नका. मला पुसूनबिसून जपा, असेही मी म्हणत नाही. ज्याला धावायचे आहे, त्याला त्याचा खरा आकडा सांगा. रडू दे त्याला. रडून झाले की काय करायचे, ते त्याचे तो बघेल.