बारीक वाहिन्या

“जे दिसेल ते सांगायचं. माझ्या तोंडाकडे बघून बदलायचं नाही.”

गाठ काढायच्या आदल्या दिवशी इंदुमतीबाईंनी असं बजावलं होतं आणि शेजारीण या नात्यानं वृंदानं त्यांना तसा शब्द दिला होता. आता ते बोलणं कानात ठेवूनच तिनं सूक्ष्मदर्शकाखालचं कोंबडीचं फलित अंडं किंचित फिरवलं.

कवचाला पाडलेल्या खिडकीतून आतला पातळ पडदा दिसत होता. त्यावर ठेवलेल्या कागदाच्या टिकलीत इंदुमतीबाईंच्या गाठीचा अर्क होता, आणि चहूबाजूंनी तांबड्या वाहिन्या टिकलीकडे धावल्या होत्या. शरीराला जखम झाली की सूज आणणारे रेणू नव्या रक्तवाहिन्यांना बोलावून घेतात. कर्करोगाची गाठ तेच बोलावणं स्वतःसाठी धाडते आणि रक्त ओढून वाढते. त्यांपैकी एका रेणूला अडवणारं औषध वृंदाच्या प्रयोगशाळेत तपासत होते. आठ जणांच्या गाठींत वाहिन्या निम्म्यावर आल्या होत्या. नववी गाठ इंदुमतीबाईंची.

स्वतःच्या घरात अंडं न आणणारी वृंदा रोज सकाळी इन्क्युबेटर उघडण्याआधी मनातल्या मनात त्या जिवांची क्षमा मागायची. या खेपेला तिनं आणखी एक केलं होतं. औषधाला यश यावं म्हणून एकभुक्त धरलं होतं, दिवसातून एकदाच जेवत होती. आणि यश मागणाऱ्या त्याच डोळ्यांनी मोजायला बसली होती.

औषध कुठल्या अंड्यात आहे हे मोजणाऱ्याला कळू द्यायचं नाही, असा नियम. पण तिची विद्यार्थिनी अक्षता लातूरला गेलेली, म्हणून यावेळी औषधाचे थेंब वृंदानंच सोडले होते. त्या अंड्यांत तिला सरासरी एकोणीस वाहिन्या दिसल्या. परत आलेल्या अक्षतानं अंड्यांवरचे नुसते नंबर बघून मोजल्या, त्या चौतीस भरल्या. बिनऔषधाच्या अंड्यांत पस्तीस होत्या.

“मॅडम,” अक्षता हळूच म्हणाली, “बारीकवाल्या सोडल्यात का तुम्ही?”

वृंदा परत भिंगाशी बसली. केसासारख्या, फिकट, पण टिकलीपर्यंत पोचलेल्या. चौतीसच. वहीतल्या आपल्या आकड्यांवर तिनं सरळ रेघ मारली, खाली सही केली. पुढे कारणाचा रकाना होता. बराच वेळ पेन टेकवून तिनं लिहिलं : मोजणाऱ्याला ठाऊक होतं.

दुपारी इंदुमतीबाईंच्या यजमानांचा, गुलाबरावांचा फोन आला. दिल्लीतल्या कोपर्निकस मार्गावरच्या गेस्ट हाउसातल्या नोकरीतून ते नुकतेच निवृत्त झाले होते. वृंदानं त्यांना आकडे सांगितले. यावरून उपचार ठरत नसतात, हेही पुन्हा समजावलं. ठरत नाहीत ना, मग चांगलं आलं म्हणायला काय जातं, असं त्यांचं म्हणणं. सोमवारी तिसरा केमो होता आणि बाई अन्नाला शिवत नव्हत्या. संध्याकाळी येते, एवढंच वृंदा म्हणाली.

नोकरदारांच्या चार्टर्ड बसनं वृंदा द्वारका उपनगरात उतरली तेव्हा सोसायटीच्या फाटकाशी पाण्याचा टँकर उभा होता. तिला बघून गुलाबराव बादलीसकट रांगेतून बाहेर आले.

“मी सांगून टाकलं तिला. चांगलं आलंय म्हणून.”

“मग? काय म्हणाल्या?”

त्यांनी बादली खाली ठेवली.

“काही नाही. चार घास भात खाल्ला, माझ्याकडे बघत. मग म्हणाली, दार नुसतं लोटून ठेवा, वृंदा यायचीय.”

रांगेतून कुणीतरी हिंदीत त्यांना नंबर आल्याचं सांगत होतं. गुलाबराव तिकडे गेले नाहीत. वाटेतून मात्र बाजूला झाले.

इमारतीत लिफ्ट अजून बसायची होती. इंदुमतीबाईंचं घर पाचव्या मजल्यावर. वृंदानं पदर कमरेला खोचला आणि ती जिना चढू लागली.