पार्किंगमधला पूवरसु

वेलचेरीतल्या त्या इमारतीच्या मैदानातला जुना वर्षावृक्ष डिसेंबरच्या वादळात आडवा झाला. मोठी माणसं चेपलेल्या गाड्यांभोवती जमली. मुलांचं काय गेलं, ते मात्र कुणाच्या लक्षात आलं नाही. चेन्नईत सावलीशिवाय खेळायचं म्हणजे तापल्या तव्यावर फुगडी घालायची.

सोसायटीचे सेक्रेटरी नारायणस्वामी यांनी ठरवलं, की त्या जागी शोभेचे दोन पाम लावायचे. हॉटेलच्या दारात असतात तसे, सरळ, नीटनेटके, पाचोळा न करणारे. मुलांनी त्यांना जिन्यातच गाठलं. पामच्या सावलीत फार तर एक स्टंप मावेल, असं त्यांचं म्हणणं. नारायणस्वामी मनाने मऊ, पण सगळा जन्म रेल्वेत गेलेला, त्यामुळे वेळापत्रक ठरल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. त्यांनी निकाल दिला. आडीपेरुक्कुला, म्हणजे ऑगस्टच्या सुरुवातीला नद्यांच्या नव्या पाण्याचा सण असतो त्या दिवशी, झाड लावायचं. तोवर मुलांनी स्वतः वाढवलेलं धडधाकट रोप दाखवलं तर ते लागेल. नाहीतर पाम.

रोप वाढवायचं काम संयुक्ताकडे आलं, कारण बिया तिच्याकडे होत्या. संयुक्ता नऊ वर्षांची. वडिलांची बँकेतली बदली झाल्यामुळे हे कुटुंब नाशिकहून इथे आलेलं. एका रविवारी जवळच्या कोवलमच्या समुद्रकिनारी गेले असताना, कोळी जाळी दुरुस्त करत बसतात त्या झाडाखाली तिने मूठभर बिया वेचल्या होत्या. त्या कसल्या, हे तिला शेजारच्या राजसबाईंनी सांगितलं. झाडाचं नाव पूवरसु. कोकणात यालाच भेंड म्हणतात. पानं पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराची, फुलं सकाळी पिवळी आणि संध्याकाळी तांबूस.

राजसबाई तंजावरच्या मराठी घराण्यातल्या, शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. "जेवण जाहलें काय गे?" असं त्या विचारायच्या, तेव्हा संयुक्ताला इतिहासाच्या पुस्तकातलं कुणीतरी बोलतंय असं वाटून हसू यायचं. राजसबाईंनाही तिची मराठी तितकीच गमतीची वाटायची. दोघी एकमेकींवर मनसोक्त हसत, आणि त्यातूनच त्यांची गट्टी जमली होती.

जानेवारीत गच्चीवर, रंगाच्या रिकाम्या बादलीला भोकं पाडून, बी पेरलं. रोप हातभर झालं आणि राजसबाई भाचीच्या लग्नासाठी तंजावरला गेल्या, त्या तिथेच महिनाभर रमल्या. इकडे मे महिना उजाडला आणि अग्निनक्षत्र लागलं.

अग्निनक्षत्र म्हणजे चेन्नईच्या उन्हाळ्यातले सगळ्यात भाजणारे दिवस. कॅलेंडरवर ते कधी सुरू होतात आणि कधी संपतात, हेही छापलेलं असतं. नाशिकच्या माणसाला याची काय कल्पना? भाजीवाली, शेअर ऑटोवाला, वॉचमन, जो तो संयुक्ताच्या आईला सांगू लागला, की मुलीला जपा. आईने फर्मान काढलं, अग्निनक्षत्र संपेपर्यंत दुपारी उंबरठा ओलांडायचा नाही. संयुक्ताने विचार केला, मी घरात आणि माझं रोप गच्चीवर भाजतंय? तिने बादली लिफ्टने खाली नेली आणि इमारतीखालच्या पार्किंगमध्ये, बाबांच्या स्कूटरमागे, गार अंधारात ठेवली. रोज पाणी घातलं, रोज गोष्टी सांगितल्या.

आणि काय सांगावं, रोप जोमाने उंच होऊ लागलं. पानं हाताच्या पंजाएवढी, हिरवीगार. येणारा-जाणारा कौतुक करी. नारायणस्वामींनी तर आपल्या कमरेशी हात लावून उंची दाखवली आणि पामवाल्याला थांबायला सांगितलं. रोपाला काठीचा आधार द्यावा लागला, पण तेवढं चालायचंच, असं सगळ्यांना वाटलं.

कॅलेंडरवर अग्निनक्षत्र संपलं. दुसऱ्याच दिवशी संयुक्ताने बादली मैदानात, ऐन उन्हात नेऊन ठेवली. संपलं म्हणजे संपलं! संध्याकाळी पाहते तर पानांवर पांढरे डाग, कडा कागदासारख्या करपलेल्या, शेंडा मान टाकून लोंबतोय.

त्या रात्री ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशी राजसबाई परतल्या, तर त्यांच्या दारात पिशव्या खाली ठेवायच्या आधीच ही रडत उभी. त्यांनी तिला पाणी दिलं, रोपाजवळ नेलं, आणि रागावण्याऐवजी एक प्रश्न विचारला.

"भर दुपारीं सिनेमा पाहून बाहेर येतेस, तेव्हां काय होतें?"

"डोळे दिपतात. काहीच दिसत नाही."

"मग, कन्ना, तुझ्या रोपाचेही डोळे दिपले. अंधारातून एकदम वेय्यिलांत आणलेंस त्याला." कन्ना म्हणजे लाडाने सोन्या, वेय्यिल म्हणजे ऊन. राजसबाईंच्या मराठीत असे तमिळ शब्द वाळवणातल्या मिरच्यांसारखे मधूनमधून असायचेच.

मग त्यांनी तिला गच्चीवर नेलं. आधी बादली असायची तिथे, भिंतीच्या फटीत एक बी चुकून पडलं होतं, त्याचं रोप सगळा मे महिना उन्हात उभं होतं. बुटकं, कुणी न पाहिलेलं. मुळं भिंतीत गेलेली, म्हणजे काढता येण्यासारखं नाही. राजसबाईंनी तिला डोळे मिटायला सांगितले आणि दोन्ही रोपांचं एकेक पान हातात दिलं. पार्किंगमधलं पान मोठं, पण पातळ, पापडासारखं. गच्चीवरचं लहान, पण जाड, चामड्यासारखं. उन्हातल्या झाडाला मोठ्या पानांची गरज नसते, प्रकाश मुबलक असतो. सावलीतलं झाड मात्र मिळेल तेवढा उजेड झेलायला पानं पसरतं, आणि वर कुठेतरी ऊन असेल म्हणून उंच उंच धावतं. खोड जाड करायला त्याच्याकडे काही उरतच नाही.

"म्हणजे ते जोमात वाढत नव्हतं?" संयुक्ताने डोळे उघडले. "ते ऊन शोधत होतं?"

"भुकेलें लेकरूं चवड्यांवर उभें राहून फडताळांत पाहतें ना, तसें."

संयुक्ताला पुन्हा रडू येणार होतं, पण तिने आधी विचारलं, की ही पानं आता जाड होतील का. नाही, राजसबाई म्हणाल्या. एकदा वाढलेलं पान फारसं बदलत नाही. मात्र नवं येणारं पान, जिथे फुटतं तिथलं होऊन येतं.

दुसऱ्या दिवसापासून शाळा सुरू झाल्यासारखं काम सुरू झालं. नारळाच्या झावळ्यांचा विणलेला तट्ट्या आणून गच्चीवर त्याचा छोटा मांडव केला. आधी फक्त सकाळचं कोवळं ऊन. मग तट्ट्याची एक झावळी काढली, काही दिवसांनी आणखी एक. वाऱ्यात रोपाला हलू दिलं, कारण हलल्याशिवाय खोड बळकट होत नाही. संयुक्ता स्वतःही त्याच वेळी उन्हात बसायची. आईने हटकलं, तर म्हणाली, "आम्ही दोघं सवय करतोय." डोक्यावर टोपी असली पाहिजे, एवढ्यावर तह झाला.

जुलैत खालच्या बाजूला नवी पालवी फुटली. लहान, चकचकीत, जाड. आणि त्याच दिवशी राजसबाईंनी कात्री आणली. उंच वाढलेला तो किडमिडा शेंडा आता कापायचा. संयुक्ताने कात्री पाठीमागे लपवली. याच उंचीवर तर नारायणस्वामी मामा खूश झाले होते! शेंडा कापला तर पाम येणार. राजसबाईंनी एवढंच सांगितलं, की शेंडा राहिला तर पहिल्या वादळात झाड मोडेल, आणि कापायचं की नाही हे तिने ठरवायचं, कारण झाड तिचं. त्या खाली चहा करायला निघून गेल्या.

चहा गार होईपर्यंत संयुक्ता गच्चीवरच होती. खाली आली तेव्हा तिच्या हातात तो शेंडा होता.

आडीपेरुक्कुच्या सकाळी मैदानात खड्डा तयार होता आणि दोन पामही टेम्पोतून उतरले होते. नारायणस्वामींनी बादलीकडे पाहिलं, मग स्वतःच्या कमरेकडे, मग पुन्हा बादलीकडे. जेमतेम गुडघ्याएवढं रोप, खाली दोन करपलेली पानं.

"मे महिन्यात हे इथपर्यंत होतं," ते तमिळमध्ये म्हणाले. "झाडं उलटी वाढायला लागली का?"

मोठी माणसं हसली. संयुक्ताची तमिळ अडखळत चालायची, पण ती पुढे झाली. तिने त्यांना डोळे मिटायला सांगितले. सेक्रेटरींनी सगळ्यांसमोर डोळे मिटले, हेच मुळी आश्चर्य. तिने त्यांची बोटं आधी खालच्या करपलेल्या पानावर ठेवली, मग वरच्या नव्या पानावर.

"हे पार्किंगमधलं, मामा. आणि हे उन्हातलं. शेंडा मीच कापला. आता त्याला खाली तीन फांद्या फुटल्यात, बघा. पाम कधीच फांदी देणार नाही."

नारायणस्वामींनी डोळे न उघडताच खोड दोन बोटांत धरलं, हळूच हलवलं. ते वाकलं आणि लगेच ताठ झालं. त्यांनी पुन्हा हलवलं.

"काठी कुठे गेली?"

"लागत नाही आता."

त्यांनी डोळे उघडले आणि पामवाल्याला हाक मारून सांगितलं, की ते दोन्ही फाटकाशी कुंड्यांत ठेव. मग सदऱ्याच्या बाह्या सारल्या आणि स्वतः खड्ड्यापाशी उकिडवे बसले. राजसबाईंनी मुळांवर पहिली ओंजळ माती टाकायचा मान संयुक्ताला दिला. दुसरी ओंजळ टाकायला मुलांची झुंबड उडाली, तिच्यात खड्डा केव्हा भरला ते कळलंच नाही.

सणाचं म्हणून प्रत्येक घरातून वेगवेगळा भात आला होता. लिंबाचा, चिंचेचा, खोबऱ्याचा. संयुक्ताच्या आईने दहीभात केला होता. ऊन चढू लागलं, तसा तो आंबेल अशी तिला धास्ती वाटली. पूवरसुच्या इवल्या पानांची सावली जमिनीवर ताटलीएवढी पडली होती. संयुक्ताने दहीभाताचं पातेलं उचलून तिथे ठेवलं. अर्धं सावलीत, अर्धं उन्हात.

जेवणं संपेपर्यंत नारायणस्वामी, सावली सरकेल तसं, ते पातेलं सरकवत होते.