निरंजन सर टेबलाखाली

मोतीलाल सरांचं नाव मोबाइलवर दिसलं तेव्हा वर्षा चहा गाळत होती. तिने फोन वाजू दिला. पुन्हा वाजला, पुन्हा वाजू दिला. मग आतून आई ओरडली तेव्हा उचलला.

"वर्षा मॅडम, लॅब पूरी बंद पडून राहिली," मोतीलाल सर म्हणजे शाळेचे मुख्याध्यापक, त्यांचा आवाज आज बराच नरम होता. "दुपारी साहेब येऊन राहिलेत, परीक्षा केंद्राची पाहणी करायला. एक बार येऊन जा ना."

"तुमचे निरंजन सर आहेत ना?"

पलीकडून नुसतं खाकरणं ऐकू आलं. त्या खाकरण्याने वर्षाला जेवढा आनंद झाला तेवढा दसऱ्याच्या जिलेबीनेही झाला नव्हता.

बऱ्हाणपूरच्या त्या शाळेतली लॅब वर्षानेच उभी केली होती. एक मोठा लिनक्स सर्व्हर, म्हणजे मुख्य कॉम्प्युटर, आणि पोरांच्या टेबलांवर नुसते छोटे डबे. त्या डब्यांना स्वतःचं डोकं नाही. बटण दाबलं की डबा वायरीवरून हाक मारतो, "मी कोण, माझा सर्व्हर कुठे?" सर्व्हर उत्तरात त्याला पत्ता देतो आणि मग पडदा उजळतो. भंगारातून उचललेल्या सामानावर तिने हे चालवून दाखवलं होतं.

मग गेल्या वर्षी सहामाहीचा कॉम्प्युटरचा पेपर फुटला. कॉम्प्युटरचे दुसरे शिक्षक निरंजन सर आपलं खातं उघडं टाकून पान खायला गेले होते, पोरांनी तिथून पेपर उचलला. पण संचालकांसमोर त्यांनी तोंड भरून सांगितलं की सर्व्हरच्या चाव्या, म्हणजे पासवर्ड, वर्षा मॅडमकडे असतात, त्यांनीच ट्यूशनच्या पोरांना पेपर दिला. घसा सुकेपर्यंत वर्षा नाही म्हणत राहिली. पण सर्व्हरमधलं कळत होतं कुणाला? निरंजन गोड बोलतो, इस्त्रीचे कपडे घालतो, आणि गोड बोलणाऱ्याचं खोटंही लोकांना पचतं. वर्षाची नोकरी गेली, ट्यूशन बसली. नेपानगरच्या कागद कारखान्यात आयुष्य काढून बऱ्हाणपुरातल्या लालबागला राहायला आलेल्या तिच्या वडिलांनी, आत्मारामभाऊंनी, जुन्या सोबत्यांकडे जाणं सोडलं. लॅब आणि तिच्या हक्काची खुर्ची निरंजनला मिळाली. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. वर्षा हे विसरली नव्हती आणि विसरण्याचा तिचा विचारही नव्हता.

तिने स्कूटी काढली ती मदत करायला नव्हे, उट्टं काढायला.

लॅबमधे सगळे पडदे काळे होते आणि वर तीच पांढऱ्या अक्षरांची एक ओळ अडकलेली. खंडेनवमीच्या पूजेची वाळकी झेंडूची माळ प्रत्येक पडद्यावर लोंबत होती. या शाळेत नवमीला कॉम्प्युटरसुद्धा हत्यारांसारखे पूजले जातात. सगळं पुसून, कुंकू लावून, फूल वाहून ठेवायचं. सुट्टीनंतर आजच लॅब उघडली होती आणि निरंजन सर घामेजल्या कपाळाने सर्व्हर पुन्हा पुन्हा चालू-बंद करत होते.

"सर्व्हरच उडाला आहे," ते मोतीलाल सरांना म्हणाले. "यांनी आधीच काहीतरी करून ठेवलं असेल."

वर्षाने सर्व्हरच्या दिव्यांकडे पाहिलं. सर्व्हर ठणठणीत होता, हे तिला एका नजरेत दिसलं. मग तिने जवळच्या पडद्यावरची ओळ वाचली. डब्याला मिळालेला पत्ता तिच्या सर्व्हरने दिलेलाच नव्हता. एका वर्गात दोन मास्तर हजेरी घेऊ लागले तर पोरं ज्याचा आवाज आधी ऐकतील त्यालाच 'हजर' म्हणतील, तसं झालं होतं. दुसरंच कुणीतरी यंत्र आधी उत्तर देऊन डब्यांना चुकीच्या वाटेला लावत होतं. असं यंत्र शाळेत एकच होतं, मोतीलाल सरांच्या खोलीतला वायफायचा डबा. लॅबची वायर त्याच्या निळ्या भोकात असायला हवी, ती कुणीतरी बाजूच्या पिवळ्या भोकात खोचली असणार, म्हणून तो लॅबलाही पत्ते वाटू लागला. चहा निवायच्या आत दुरुस्त होण्यासारखं काम.

वर्षाने खुर्ची ओढली आणि बसली.

"वायरीत खोट दिसते," ती गंभीर चेहऱ्याने म्हणाली. "एकेक वायर काढून पुसून परत लावावी लागेल. टेबलाखालून. निरंजन सरांनाच जमेल ते, लॅब त्यांची आहे."

"मी?" निरंजन म्हणाला.

"तुम्हीच, सर," मोतीलाल सर घड्याळाकडे बघत ओरडले. "घुसा ना आत!"

पांढऱ्या शर्टातले निरंजन सर टेबलाखाली घुसले. रांगत एका टेबलाखालून दुसऱ्याखाली जाऊ लागले. पोरं दारात जमली आणि फिदीफिदी हसू लागली, तरी वर्षाने त्यांना हटकलं नाही. शिपाई मालूबाईने आणलेला चहा तिने फुंकून फुंकून प्यायला. "सर, ती डावीकडची राहिली," एवढंच ती मधूनमधून सांगे. खरं सांगायचं तर इतका गोड चहा तिने कित्येक दिवसांत प्यायला नव्हता.

निरंजन सर जाळ्याजळमटांसकट बाहेर आले, तरी पडदे काळेच. मोतीलाल सरांच्या तोंडचं पाणी पळालं. मग वर्षा उठली, सगळ्यांना घेऊन मुख्याध्यापकांच्या खोलीत गेली आणि वायफायचा डबा उचलून दाखवला. डब्यावर कुंकवाचं बोट होतं, वायर पिवळ्या भोकात.

निरंजनला एका क्षणात कळलं. शेवटी कॉम्प्युटरचाच माणूस.

"मालूबाई!" तो गरजला. "पूजेच्या दिवशी हे तूच पुसलं ना? सर, हिनेच केलं!"

मालूबाई पदराला हात पुसत पुढे झाली. "मी पुसलं, न् वायर परत खोचली. कोनतं भोक कोनतं, मले काय मालूम?"

मोतीलाल सरांचा आवाज चढला. "साहेब यायचे, आणि ही बाई..."

हेच ऐकून वर्षाचा निश्चय झाला. मालूबाईची तिला दया आली, हे खरंच. पण दया नसती आली तरी तिने हेच केलं असतं. हातात आलेली मान ती सोडणार नव्हती.

"मालूबाईचा काही दोष नाही," ती म्हणाली. "डब्याच्या आतलं सेटिंगच बदललं आहे. बघा." तिने मोतीलाल सरांच्या लॅपटॉपवर डब्याचं सेटिंगचं पान उघडलं आणि इंग्रजी आकड्यांच्या गर्दीत एका जागी बोट ठेवलं. तिथे निरंजनच्या मोबाइलचं नाव होतं.

"सर, वायफाय वापरणाऱ्या सगळ्यांची नावं असतात तिथं!" निरंजनचा आवाज चिरकला. "तुमचंही असेल! खाली बघा!"

वर्षाने पान खाली सरकवलं नाही. तिने वायर निळ्या भोकात घातली, लॅबमधे जाऊन बटणं दाबली आणि एकापाठोपाठ एक पडदे उजळले. जिने लॅब जिवंत केली तिचंच म्हणणं आता खरं ठरणार होतं.

"बाई," मालूबाई मधेच म्हणाली, "वायर मीच खोचली होती. सरांनी हात नाही लावला."

"तू चूप बस," मोतीलाल सर म्हणाले. "तुला यातलं काय कळते?" मग निरंजनकडे वळून त्यांनी सांगितलं की लॅबची चावी टेबलावर ठेवा, आणि संचालकांना काय सांगायचं ते उद्या घरून विचार करून या. निरंजनने चावी टेबलावर ठेवली. खरं बोलूनही कुणी ऐकत नाही म्हणजे काय होतं, ते आता त्याला कळत होतं. वर्षाने त्याच्या डोळ्यात डोळे घालून पोटभर पाहून घेतलं.

ती स्कूटीला किल्ली लावत होती तेव्हा मालूबाई फाटकापाशी आली.

"तवा सगळे म्हने, पेपर तुम्ही फोडला," ती हळू म्हणाली. "मी एकलीच म्हनत होती, वर्षाबाई खोटं बोलनारी पोरगी नाही. आजपर्यंत कोनीही विचारलं तं हेच सांगत आली." तिने फाटक धरलं. "आता काय सांगू?"

वर्षाने स्कूटी चालू केली आणि शनवारा चौकाच्या गर्दीत शिरली. तिला पश्चात्ताप झाला असं लिहिलं तर बरं दिसेल, पण झाला नाही. निरंजनचा पडलेला चेहरा आठवला की अजूनही गोड वाटत होतं. फक्त त्याच्या शेजारी मालूबाईचा चेहरा येऊन उभा राहायचा, आणि तो काही केल्या बाजूला होईना.