न झालेला सत्कार

रविवारी सकाळी जळबादादा मुलीला घेऊन माझ्या घरी आले. ते एसटीत कंडक्टर होते. निवृत्त होऊन त्यांना चार वर्षं झाली. त्यांची मुलगी जान्हवी वर्षभरापासून माझ्यासोबत वसमतच्या बातम्या करते. तिला हिंगोलीच्या एका शाळेत लिपिकाची नेमणूक मिळाली होती. सोमवारी रुजू व्हायचं होतं आणि ती जायला तयार नव्हती. दादांनी आदल्या दिवशीच फोनवर माझ्याकडून शब्द घेतला होता. पोरगी आमचं ऐकूनच न्हाई राहिली, या धंद्यात काही उरलं न्हाई हे तुमीच सांगा, असं त्यांचं म्हणणं.

सांगण्यासारखं पुष्कळ होतं. वसमतच्या बातम्या ज्यात येतात ते आमच्या दैनिकाचं हिंगोली जिल्ह्याचं पान पुढच्या महिन्यापासून बंद होणार आहे. गेल्या महिन्यात जान्हवीने अकरा बातम्या पाठवल्या. चार लागल्या, त्यातल्या दोन चुकून माझ्या नावाने. मी हे सगळं क्रमाने सांगितलं. ती मान खाली घालून ऐकत होती.

"अन् तवा तरी काय होतं, कय्युमभाई?" दादा मध्येच म्हणाले. "तुमचं पाकीट माझ्याच गाडीत जायचं."

त्यांना माझ्या म्हणण्याला जोड द्यायची होती. पण पाकिटाचं नाव निघालं आणि ते त्यातच गुंतले.

तेव्हा मी बातम्या हाताने लिहून पाकिटात घालायचो आणि साडेचारच्या नांदेड गाडीत दादांकडे द्यायचो. नांदेडच्या स्थानकावर कार्यालयाचा शिपाई ते घेऊन जायचा. एकदा तो आला नाही, तर दादा ड्युटी संपल्यावर स्वतः कार्यालयापर्यंत चालत गेले होते. हळदीच्या दिवसांत गाडीत पोती असायची. संपादक म्हणायचे, वसमतचं पाकीट न बघता, नुसत्या वासावरून ओळखता येतं.

अडचण एकच होती. गाडी साडेचारला आणि गावातले कार्यक्रम सहाला. म्हणून आम्ही वार्ताहर दुपारीच निमंत्रणपत्रिका समोर ठेवून लिहून टाकायचो, 'उत्साहात संपन्न'. सत्त्याण्णव साली जवळच्या कुरुंदा गावात गोजरबाईंचा सत्कार ठरला. त्या सुईण होत्या, अर्ध्या गावाचा जन्म त्यांच्या हातून झालेला. मी शाल, श्रीफळ आणि टाळ्यांचा कडकडाट लिहून पाकीट दिलं. संध्याकाळी प्रमुख पाहुणे आलेच नाहीत. आयोजकांनी मंडप उतरवला. सकाळी पेपरात सत्कार झालेला होता.

दुसऱ्या दिवशी गोजरबाई एसटीने वसमतला आल्या. पेपर कमरेला खोचलेला. स्थानकावर माझ्याकडे बोट दाखवणारे आपणच होतो, हे दादांनी आता हसत कबूल केलं.

म्हातारी रागावलेली नव्हती. तिने एवढंच विचारलं, "लेकरा, पेपरात आलं म्हंजे शाल कुनाकडं तरी असंल. कुनाकडं हाय?"

मी नवी शाल आणून देतो म्हणालो. ती नको म्हणाली.

"तुझी शाल घेऊन काय करू? जे झालं न्हाई, ते झालं न्हाई म्हून लिही."

लिहिलं. चार ओळी. संपादकांनी त्या दोन दिवस दाबून ठेवल्या, तिसऱ्या दिवशी लावल्या. तेव्हापासून कार्यक्रम डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी पाकीट दिलं नाही. माझी बातमी इतर पेपरांपेक्षा एक दिवस उशिरा यायची. कार्यालयात माझं नाव 'शिळा कय्युम' पडलं.

"शिळा खरा," दादा मुलीकडे वळून म्हणाले, "पर गाडीत लोक काय म्हनायचे, ठाव हाय का? हातात दुसरा पेपर असायचा, तरी कुरुंद्याचे मानसं म्हनायचे, उद्या कय्युमचं येऊ द्या, मंग बराबर समजंल. मी तिकीट फाडता फाडता ऐकायचो. पाकीट माझ्या गाडीतनं गेलेलं, म्हून माझीबी छाती फुगायची."

एवढं बोलून ते थांबले. आपण कशासाठी आलो होतो, ते त्यांना आठवलं असावं.

जान्हवीने मान वर केली. "बाबा, पान बंद झाल्यावर त्या लोकांनी कुनाचं येऊ द्यायचं?"

ती मला म्हणाली की सोमवारी ती हिंगोलीला जाणार नाही, कुरुंद्याला जाणार. तिथे ग्रामसभा आहे. पेपरात जागा मिळेल तितके दिवस पेपरात, नंतर मोबाइलवर. पण लिहील ते सभा उठल्यावरच. मग ती चपला घालून बाहेर दुचाकीपाशी जाऊन उभी राहिली.

"भाई, तुमी समजवायचं ठरलं होतं," दादा म्हणाले.

"दादा, तुमी बोलू दिलं कुठं?"

ते हसले नाहीत. सोबत आणलेलं नेमणुकीचं पत्र घडी करून त्यांनी सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवलं. मग दाराशी जाऊन मुलीला म्हणाले, "कुरुंद्याची पहिली गाडी आता सव्वासातला सुटती. सात वाजताच स्टँडवर जाऊन ऱ्हाय."