छतांवरून निघालेली खुर्ची

तुम्ही त्या म्हातारीचं पुढचं दार वेल्डिंग करून बंद केलंत. तिच्याच रस्त्यावर पॅलेस्टिनी माणसानं पाय ठेवायचा नाही, हा तुमच्या लष्कराचा हुकूम. म्हणून हेब्रॉन शहराच्या तुमच्या ताब्यातल्या तुकड्यात छातीत कळ आली, तेव्हा ती म्हातारी, उम्म नाईफ, शेजाऱ्यांच्या छतांवरून ॲम्ब्युलन्सकडे निघाली.

तिची मुलगी समर लंडनजवळ पिनरमध्ये नर्स. ती फोन घेऊन धावत आली ती तिच्याच हॉस्पिटलातल्या डॉक्टर वैजयंतीच्या घरी, स्वयंपाकघरात. तिकडून एका शेजाऱ्यानं व्हिडिओ कॉल लावला होता; दोघी फोनमध्ये डोळे घालून बसल्या.

"चालू देऊ का तिला?" समरनं विचारलं.

"अजिबात नाही. खुर्चीत बसवा. ॲस्पिरिन चावायला द्या."

चौघा शेजाऱ्यांनी खुर्ची उचलली. वाळत घातलेल्या चादरी दुभंगून वाट देत होत्या, कबुतरं उठत होती. वैजयंतीला वाटलं, ही छतं अशीच एकाला एक लागत पिनरपर्यंत येतील, आणि म्हातारी खिडकीतून आत उतरून चहा मागेल.

म्हातारी काहीतरी पुटपुटली. समर रडता रडता हसली. "म्हणतेय, लग्नातसुद्धा मला कुणी एवढं मिरवलं नव्हतं!"

खुर्ची शेवटचा जिना उतरली. ॲम्ब्युलन्स लष्करी नाक्यापलीकडे उभी होती, हाकेच्या अंतरावर. नाका ओलांडायची परवानगी यायची होती. खुर्ची उन्हात थांबली, थांबूनच राहिली. मग म्हातारीची मान कलली.

"खाली झोपवा! छाती दाबा!" वैजयंती ओरडली. फोनमध्ये सैनिक दिसताच तिनं विचारलं, "परवानगी कोण अडवून बसलंय?"

सैनिकानं तोंड फिरवलं. त्याला सोडा. तुम्ही सांगा, कोण?