पायरीवर उघडणारे पान

राधानगरीच्या खोऱ्यातले ऊन घाईने येत नाही. आधी ते समोरच्या डोंगराचा माथा पिवळा करते, मग उसाच्या शेंड्यांवरून सावकाश उतरते, गोठ्याच्या पत्र्यावर जरा रेंगाळते आणि शेवटी चढावरच्या दूध संस्थेच्या पायरीवर, रिकाम्या किटल्यांपाशी येऊन बसते. त्याच पायरीवर, चिमणाबाईंच्या पदराच्या सावलीत, मी रोज उघडतो. मित्रांनो, मी एक जुने, एकपानी संकेतस्थळ आहे. वय अवघे चार वर्षे. पण आमच्यात म्हातारपण लवकर येते.

चिमणाबाईंचा भाचा ऋतुराज याने मला शहरात, राजारामपुरीतल्या खोलीत घडवले. आज जनावरांचे कोणते डॉक्टर फिरतीवर आहेत ते दाखवायचे आणि त्यांना गोठ्यावर बोलवायचे, हे माझे काम. इतर संकेतस्थळे दर वेळी नवे पान मागवतात आणि माणसाला ताटकळत ठेवतात. मी मात्र सगळा संसार पहिल्याच खेपेला पाठीवर घेऊन येतो. एकदा उघडलो, की सारे झरझर चालते. पुढे नेटवर्कचा बारीक धागाही पुरतो. पण ती पहिली खेप फार जड असते.

"रुत्या, गोठ्यात तुझं ते नुसतं पांढरं दिसतंय की," चिमणाबाई सुरुवातीलाच म्हणाल्या होत्या.

"मावशी, फोन जुना हाय तुझा."

"व्हय, आन् मी कुठं नवी हाय?"

मग त्यांनी स्वतःच वाट शोधली. दूध घालायला गेल्या, की पायरीवर, जिथे नेटवर्क नीट मिळे, मला उघडायच्या आणि दिवसभर मिटू द्यायच्या नाहीत. दिवाळीत ऋतुराजने मला गोठ्यात चालताना पाहिले. त्याचा लाजरा चेहरा उजळला. मीही सुखावलो.

गेल्या महिन्यात तो आलेला असतानाच म्हैस विताना अडली. घाईत मावशींचा अंगठा मागे जाण्याच्या खुणेवर पडला. माझ्या मागे दुसरे पानच नाही, मी मिटलो. पुन्हा उघडताना पांढराच राहिलो.

"रेंज गेली असंल," ऋतुराज पुटपुटला.

"ती आलती कवा?" म्हशीच्या पाठीवरचा हात न काढता मावशी म्हणाल्या. "संस्थेच्या पायरीवर पळ. तिथं उघडतंय ते."

तो मावशींचा फोन घेऊन धावला. पायरीवर, त्याच्याच हातात, मी उघडलो. डॉक्टर वेळेवर पोचले. दिवस मावळताना रेडकू लटपटत उभे राहिले.

"रोज तिथं जाऊन उघडत हुतीस? सांगायचं न्हाई व्हय?"

"सांगितलं हुतं की. मग तू एवढा खूश दिसलास, म्हटलं ऱ्हाऊ दे."

आता तो माझे ओझे उतरवू लागला आहे. मित्रांनो, कुणासाठी काही घडवलेत, तर ते त्याच्या दारात बसून एकदा उघडून पाहा. कौतुकाच्या भरात ऋतुराजने जे मान्य केले नाही, आणि खरे तर मीही केले नाही, ते इतकेच होते: त्या गोठ्यात मी तोवर एकदाही उघडलो नव्हतो.