कांचळीचे आरसे अन् अमरदीपचा फ्लॅश

माहा भाचा अमरदीप बियाण्याचं दुकान चालवते, अन् सध्या त्याले वाटून राह्यलं की आपन फोटोग्राफर आहो. दिवाळीत त्यानं कॅमेरा घेतला, शिकाऊ लोकाइचा, तवापासून मानूस थाऱ्यावर नाई. कबुतराचे फोटो, जीपचे फोटो. भज्याचाही एक फोटो आहे. त्यात भजं कोनतं अन् कढई कोनती, हे मले अजून उमजलं नाई.

आता त्याले फ्लॅश पायजे. कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसवाचा, वेगळा, मोठा. पंधरा दिवसापासून तो रोज कामरगावात माह्या बंद पडलेल्या स्टुडिओत येऊन बसते अन् विचारते, मामा, घेऊ का नको? मोबाईलवर कोन्या तरी पोट्ट्याचे व्हिडिओ दाखवते. ते पोट्टं हात हालवून हालवून सांगते, अन् हा मान डोलवते. मी म्हनलं, बाप्पा, अगोदर लेन्सचं झाकन काढाचं ध्यानात ठेव, मंग फ्लॅशचं पाहू. त्याले राग आला. येऊ दे.

पन या डाव गोष्ट भज्याची नव्हती. त्याची माय गोमतीबाई म्हंजे माही मोठी बहीन. आमच्या बंजारा तांड्यात आरशाची कांचळी म्हंजे चोळी अन् घेरदार फेटिया म्हंजे घागरा घालनारी ती शेवटची. बाकीच्या बाया कवाच्याच साडीवर आल्या. बुधवारी तिच्या खुब्याचं ऑपरेशन. डॉक्टरनं सांगतलं, इतक्या वजनाचा घागरा पुन्हा घालाचा नाई. म्हनून मंगयवारी तिले एक फोटो पायजे होता, पुऱ्या साजात, अन् पोराच्या हातचा. तेही पाच मिनिटात, कारन त्याच्याहून जास्त तिले बसवत नाई. माह्या डोयात मोतीबिंदू, कॅमेरा मी कवाचा इकला. नाईतर याले हात लावू देल्ला असता काय?

शनिवारी तो आला तवा अंगठा मोबाईलवरच होता. म्हने, आज मागवला तं सोमवारी घरी येते. अन् कारन काय, तं फ्लॅश पडला की याडीच्या कांचळीचे सारे आरसे लखलख चमकतीन. याडी म्हंजे आमच्यात माय. पोटच्या पोरानं मायच्या फोटोचं असं वाट्टोळं कराचं ठरवलं, अन् वरून खुशीत.

आरसा उजेड ठेवून घेत नाई, वापस फेकते. तिले दाराच्या आत सावलीत बसव, सकायचा उजेड बाजूनं येऊ दे, झालं. इतकंच सांगाचं होतं. पन मी नीट सांगतलं नाई. मी त्याले भैताड म्हनलं, बियाण्याच्या थैल्या मोजनारा म्हनलं, त्याच्या मेलेल्या बापाचीही अक्कल काढली. जितका मी बोललो तितका तो हट्टाले पेटला. म्हने, लग्नातले सारे फोटोग्राफर येडे अन् तुमी एकटेच शहाने काय? अन् अंगठा मागवाच्या बटनाकडं न्याले लागला.

तवा मी उठलो. लोखंडी पेटी उघडली, तयातून एक फोटो काढला अन् त्याच्या हातात देल्ला.

त्यानं उलटा-सुलटा करून पाह्यला. बाईचं धड, धडावर पांढरे फटक ठिपके, अन् तोंडाच्या जागी नुसता धुरकट उजेड.

"हे कोन आहे, मामा?"

"तुही नानी."

पोहरादेवीच्या जत्रेतला फोटो. स्टुडिओ नवा, फ्लॅश नवा, अन् मी पंचविशीतला दीडशहाणा. मायनं विचारलं होतं, लिंबाच्या सावलीत बसू काय. मी म्हनलं, तुले काय समजते. महिन्याभरात माय गेली. तिचा दुसरा फोटो नाई. अंगावरची कांचळी तीच, जी आता गोमतीबाई घालते. गोमतीबाईले मी सांगतलं, रोलमधी उजेड शिरला, फोटो निंगालाच नाई. तेहतीस वर्षं तेच सांगत आलो.

अमरदीपनं मोबाईल खिशात ठेवला. फ्लॅश मागवला नाई.

मंगयवारी सकायी तांड्यावर गेलो तं गोमतीबाई उंबरठ्याच्या आत सावलीत बसली होती, पुऱ्या साजात. मले पाहून तिनं हात पुढं केला. भाच्याच्या पोटात काई राहत नाई. शनिवारपासून खिशातच राह्यलेला तो फोटो मी काढून देल्ला.

लय वखत पाहत राह्यली. बोट एकएका आरशावरून फिरवलं, तोंडाच्या जागेवरून फिरवलं, अन् मंग खाली मांडीवर येऊन थांबलं. तिथं फ्लॅश पोचला नव्हता. मायची वाकडी करंगळी साफ दिसत होती.

"तोंड नाई म्हनून मले देल्ला नाई?" ती म्हनली. "मायचे हात तं हायेत ना रे, लालसिंग."

तेहतीस वर्षं मी त्या फोटोत आपली चूक पाह्यली. हात पाह्यलेच नाई.

अमरदीप म्हनला, याडी, जरा वर पाह्य. तिनं पाह्यलं नाई. पाच मिनिटं सरत आली होती. मी त्याले म्हनलं, काढ तसाच. त्यानं लेन्सचं झाकन काढलं, या डाव सांगावं लागलं नाई, अन् बटन दाबलं.

फोटो लय चांगला आला. एकएक आरसा दिसते, तोंडावरची सुरकुती न् सुरकुती दिसते. मांडीवर मायचा फोटो आहे, अन् ती त्याच्याकडं पाहून राह्यली. माह्याकडं तिनं त्या दिवशी पुन्हा पाह्यलं नाई.